संकेतस्थळाचें प्रमाणपत्र: महाग कीं स्वस्त?

जुन्या मराठी पत्रव्यवहारांत पत्राच्या माथ्यावर शिक्का असे व मजकूर संपतांच शेवटीं मोर्तब होई. माथ्यावरचा शिक्का पत्र कोणाचें हें सांगे. शेवटचें मोर्तब, यापुढें एक अक्षरहि कोणीं वाढवूं नये, याची खबरदारी घेई. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आज सहज वापरतों; परंतु त्यामागें अशा दोन निरनिराळ्या चिंता होत्या, हें बहुतेकांच्या ध्यानांत नसतें.

आज कोंढ्यासारख्या गांवींहि पत्राची जागा मोबाइलनें घेतली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, सातबाराचा उतारा, बँकेंतील शिल्लक, सर्व कांहीं तळहातावर येतें. त्या कांचेवर दिसणारें पान ज्याचें म्हणून सांगितलें आहे त्याचेंच आहे काय, आणि वाटेंत कोणीं त्यांत अक्षर वाढविलें नाहीं ना, या दोन चिंता मात्र होत्या तशाच आहेत. त्यांत तिसरीची भर पडली आहे: आपण लिहिलेला आधार क्रमांक किंवा पासवर्ड वाटेंत कोणी वाचीत तर नाहीं? या तिहींच्या निवारणार्थ प्रत्येक संकेतस्थळास एक प्रमाणपत्र घ्यावें लागतें. त्याच्या किंमतीविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

विषय सुचण्यास कारण असें झालें. आमच्या परिचयाच्या एका लहानशा शिक्षणविषयक संस्थेनें (नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) आपलें संकेतस्थळ करविलें. करून देणाऱ्या गृहस्थांनीं प्रमाणपत्रासाठीं दर वर्षीं आठ हजार रुपये मागितले आणि वर पुस्ती जोडली कीं, "स्वस्तांतलें घ्याल तर मुलांची माहिती चोरीस जाईल." समितींत दोघे शिक्षक, बाकीचे धानाचे शेतकरी. एका वृद्ध सभासदांनीं आम्हांस विचारलें, "गुरुजी, मुलांच्या बाबतींत कंजूषी कशी करावयाची?" प्रश्न सरळ मनाचा होता, म्हणूनच तो अधिक बोंचला. कारण त्या संस्थेची वाचनालयाची वर्षाची तरतूद सुमारें तेवढीच होती, आणि पैसे द्यावयाचे तर ते तेथूनच काढावे लागणार होते.

प्रमाणपत्राचें रहस्य समजून घेतलें तर हा प्रश्न बराच सोपा होतो. संकेतस्थळाजवळ दोन किल्ल्या असतात. एक गुप्त, ती संस्थेच्या यंत्राबाहेर जात नाहीं. दुसरी प्रकट, ती कोणासहि द्यावी. एकीनें केलेली खूण दुसरीनेंच ताडून पाहतां येते. परंतु "ही प्रकट किल्ली अमक्या संकेतस्थळाची," असें कोणीहि म्हणेल. पवनीच्या बाजारांत एखादा अनोळखी मनुष्य "मी अमक्याचा मुलगा" म्हणून उधार मागूं लागला, तर दुकानदार ओळखीच्या माणसाची साक्ष मागतो. तीच साक्ष प्रमाणपत्र देणारी संस्था देत असते. आणि त्या साक्षीदारावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हें आपल्या मोबाइलांत पूर्वींच भरून ठेवलेल्या मान्य साक्षीदारांच्या यादीवरून ठरतें.

या साक्षीच्या तीन प्रतवाऱ्या आहेत. पहिलींत एवढेंच पाहतात कीं, अर्जदाराच्या हातीं तें नांव खरोखर आहे काय. त्यास सांगतात, "तुझ्या संकेतस्थळावर हा अमुक आंकडा ठेवून दाखव". त्यानें ठेवला कीं काम झालें. यंत्र हें काम कांहीं क्षणांत उरकतें. दुसरींत संस्थेची नोंदणी व पत्ता तपासतात. तिसरींत हीच चौकशी अधिक कसून होते. तपासणीस माणसें लागतात, माणसांस वेतन लागतें, म्हणून वरच्या दोन प्रती महाग पडतात. यांत अन्याय नाहीं. परंतु विक्रेते जें सहसा सांगत नाहींत तें हें कीं, मजकूर सांकेतिक करण्याचें बळ तिन्हींत सारखेंच असतें. तें बळ संस्थेचें यंत्र व वाचकाचा ब्राउझर यांच्यामध्यें ठरतें. प्रमाणपत्राच्या पावतीवरील रकमेशीं त्याचा संबंध नाहीं. आठ हजार देऊन मुलांची माहिती अधिक घट्ट बंद होत नाहीं.

पूर्वीं तिसऱ्या प्रतीचा एक लाभ डोळ्यांस दिसत असे. ब्राउझरच्या पट्टींत संस्थेचें नांव हिरव्या रंगांत झळके. सप्टेंबर २०१९ मध्यें क्रोमनें व पुढच्याच महिन्यांत फायरफॉक्सनें ती पाटी तेथून काढली; कारण ती असली काय नि नसली काय, लोकांच्या वागण्यांत फरक पडत नाहीं, असें आढळून आलें. पाटी गेली तरी तिची विक्री कांहीं ठिकाणीं जुन्याच गुणगानासह चालूं आहे, हें मात्र नवलाचें.

मग प्रमाणपत्र घेऊंच नये काय? तसें मुळींच नाहीं. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर प्रमाणपत्र नसलेल्या प्रत्येक स्थळास 'सुरक्षित नाहीं' असा शेरा मारूं लागला. ज्या पालकानें पहिल्यानेंच आपल्या मुलीचा अर्ज भरावयास घेतला, त्यानें हा शेरा पाहून मोबाइल खालीं ठेवला तर त्याचें काय चुकलें? प्रमाणपत्र हवेंच, तें विकत घेतलेंच पाहिजे असें मात्र नाहीं.

मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन व अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठ यांच्याशीं संबंधित मंडळींनीं २०१४ सालीं 'लेट्स एन्क्रिप्ट' नांवाचा उपक्रम जाहीर केला आणि डिसेंबर २०१५ पासून तो सर्वांस खुला झाला. तेथें पहिल्या प्रतीचें प्रमाणपत्र विनामूल्य मिळतें. देणग्यांवर व आश्रयदात्यांच्या साहाय्यावर हें काम चालतें. आरंभीं या प्रमाणपत्राची मुदत ९० दिवसांचीच ठेवण्यांत आली. पुष्कळांस ती गैरसोय वाटली. परंतु हेतु असा होता कीं, नूतनीकरण माणसानें न करितां यंत्रानेंच करावें, आणि एखादी किल्ली चोरीस गेलीच तर तिचा उपयोग चोरास फार दिवस होऊं नये.

"फुकटचें तें फुकटचेंच," असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही दोन गोष्टी दाखवितों. २०११ सालीं हॉलंडांतील डिजिनोटार या पैसे घेऊन प्रमाणपत्रें देणाऱ्या कंपनींत चोर शिरले, खोटीं प्रमाणपत्रें निघालीं, आणि त्याच वर्षीं कंपनीचें दिवाळें वाजलें. दुसरी गोष्ट आपल्याच देशांतली. २ जुलै २०१४ रोजीं असें उघडकीस आलें कीं, गूगलच्या नांवांचीं अनधिकृत प्रमाणपत्रें आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या म्हणजे एनआयसीच्या प्रमाणपत्र विभागाकडून निघालीं आहेत. दुसऱ्याच दिवशीं भारत सरकारच्या नियंत्रकांनीं त्या विभागाचे अधिकारदाखले रद्द केले, आणि पुढें गूगलनें त्या भारतीय साक्षीस मोजक्याच नांवांपुरती मर्यादा घातली. सरकारी असो वा खाजगी, साक्षीदार चुकूं शकतो. आणि येथेंच एक बारीक गोष्ट आहे. यादींतील कोणताहि साक्षीदार बहुधा कोणत्याहि नांवाची साक्ष देऊं शकतो. म्हणून आपण सर्वांत महागडा साक्षीदार नेमला तरी दुसऱ्या एखाद्या ढिलाईनें वागणाऱ्या साक्षीदारापासून आपलें रक्षण त्यामुळें होत नाहीं. घराला सोन्याची कडी लावली, पण गल्लींतील प्रत्येकाकडे त्या घराची किल्ली करण्याचा परवाना आहे, अशांतला हा प्रकार!

तथापि पैसे देणारा प्रत्येक जण फसतो, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या संस्थेस करारान्वयें वरच्या प्रतीची तपासणी बंधनकारक आहे, जिला अडचणीच्या वेळीं फोनवर उत्तर देणारा मनुष्य हवा आहे, तिनें अवश्य पैसे मोजावे. आपल्या देशांतहि बेंगळूरूची ई-मुद्रा कंपनी हा व्यवसाय करिते, तिच्या नांवांत जुनी मुद्रा आहेच! शिवाय एक अडचण खेड्यापाड्यांत विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अँड्रॉइड ७.१.१ च्या पूर्वींचे जे जुने मोबाइल आहेत, त्यांच्या यादींत लेट्स एन्क्रिप्टचें मूळ प्रमाणपत्र नाहीं. दुसऱ्या एका जुन्या साक्षीदाराच्या आधारानें त्यांचें कांहीं वर्षें निभावलें. तो आधार २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपला. शहरांतला कारागीर आपल्या नव्या मोबाइलवर पाहून "सर्व ठीक" म्हणेल. तेव्हां संस्थेच्या चालकांनीं गांवांतील जुन्यांत जुना चालूं मोबाइल मागून आणावा व त्यावर पान उघडतें काय हें पाहावें. न उघडलें आणि असे मोबाइल बरेच असले, तर जुन्या यादींत नांव असलेल्या कंपनीचें साधें, पहिल्या प्रतीचें प्रमाणपत्र घेणें शहाणपणाचें. त्यासहि आठ हजार पडत नाहींत.

आमच्या मतें किंमतीपेक्षां मुदतीचा प्रश्न फार मोठा आहे. सप्टेंबर २०२० पासून कोणतेंहि नवें प्रमाणपत्र ३९८ दिवसांहून अधिक काळाचें चालेनासें झालें. एप्रिल २०२५ मध्यें प्रमाणपत्र देणाऱ्या व ब्राउझर करणाऱ्या कंपन्यांच्या संयुक्त मंडळानें ठराव केला कीं, ही कमाल मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस असावी. म्हणजे वर्षाकांठीं एकदां पावती फाडून निश्चिंत बसण्याचे दिवस महागड्या प्रमाणपत्रासहि उरले नाहींत. विक्रेत्यास विचारावयाचा पहिला प्रश्न "किती रुपये?" हा नसून "नूतनीकरण आपोआप होतें काय, आणि तें बिघडलें तर प्रथम कोणास कळेल?" हा आहे. दहावीच्या निकालानंतर प्रवेशाची धांदल चालूं असतां प्रमाणपत्राची मुदत सरली, तर ब्राउझर पालकांसमोर लाल इशारा उभा करील. आणि आठ हजारांची पावती त्या वेळीं कोणाच्याहि कामास येणार नाहीं.

आतां पालकांसाठीं थोडेंसें. पानाशेजारीं कुलपाचें चित्र दिसलें कीं पान प्रामाणिक, अशी समजूत सर्वत्र रुजली आहे. ती चुकीची आहे. पहिल्या प्रतीची साक्ष "हें नांव याच्या हातीं आहे" एवढीच असते. हातीं असणारा सज्जन आहे, असें ती कोठेंच म्हणत नाहीं. लबाडासहि स्वतःच्या नांवाचें प्रमाणपत्र विनासायास मिळतें. हा गैरसमज पाहूनच २०२३ सालीं क्रोमनें तें कुलपाचें चित्र काढून टाकलें. म्हणून वाचावयाचें तें नांव, आणि तें शेवटाकडून. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधींचे जे शेवटचे शब्द, तेथें खरा मालक सांपडतो. आरंभीं बँकेचें नांव घालून शेवट भलताच ठेवणें ही नेहमींची युक्ति आहे. रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं सर्व बँकांस आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाखालीं नेण्यास सांगितलें, तें याचसाठीं. तो शेवट बँकेवांचून इतरांस मिळत नाहीं. शाळेंत इंग्रजी अक्षरें शिकलेला मुलगा हें काम आजोबांपेक्षां लवकर करील. त्यानें तें करावें, मात्र आजोबांचा पासवर्ड विचारूं नये!

त्या संस्थेच्या समितीची दुसरी बैठक झाली तेव्हां आम्हीं हें सर्व यथामति सांगितलें. एका सभासदाच्या घरून जुना, कांच तडकलेला मोबाइल आणविला. विनामूल्य प्रमाणपत्राचें पान त्यावर उघडलें. करून देणाऱ्या गृहस्थांनीं थोडी नाराजी दाखविली, पण नूतनीकरणाची व्यवस्था तासाभरांत बसवून दिली आणि त्या श्रमाचे योग्य पैसे घेतले. दर महिन्याच्या एक तारखेस पान उघडून मुदत पाहण्याचें काम नववींतील एका मुलीकडे सोंपविलें आहे. तिनें कार्यालयांतील दिनदर्शिकेवर त्या तारखा लाल शाईनें लिहून ठेवल्या आहेत. वाचनालयाच्या पुस्तकांची यादी मागील आठवड्यांत नागपुरास गेली.