कोंबडीखाद्यातील प्रतिजैविके आणि वनौषधींचा पर्याय : करारी कुक्कुटपालकांचे निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन विभाग,
महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे.

विषय : वाढीसाठी खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांना वनौषधींचा पर्याय शेडवर तपासून मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही सांगली जिल्ह्यातील खानापूर व तासगाव तालुक्यांत करारावर ब्रॉयलर कोंबड्या पाळतो. शेड, वीज, पाणी, तूस आणि कष्ट आमचे. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. बॅच उचलली की किलोमागे संगोपनाचे पैसे मिळतात. एफसीआर (किलोभर वजनवाढीसाठी लागणारे खाद्य) वाढला किंवा मरतूक जास्त झाली, की त्यातून कपात होते. आमच्याकडे येणाऱ्या पोत्यावर प्रथिने, तंतू, ओलावा यांचे टक्के छापलेले असतात. बॅसिट्रॅसिन, टायलोसिन, क्लोरटेट्रासायक्लिन यांपैकी एखादे प्रतिजैविक आत आहे का, हे मात्र शोधूनही सापडत नाही.

१९ जुलै २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेने कुक्कुटपालनातील कोलिस्टिन बंद केले, ते योग्यच झाले. माणसाला अखेरचा उपाय म्हणून द्यायचे औषध धडधाकट पिल्लाच्या दाण्यात घालण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची प्रतिजैविके खाद्यातून काढूनच टाकली. आमची अडचण पुढची आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाच्या शेडमध्ये अंथरलेले तूस ओले झाले आणि विसाव्या दिवशी विष्ठा तांबूस, फेसाळ दिसू लागली. पशुवैद्यकांनी मेलेला पक्षी फाडून दाखवला : आतडे वाऱ्याने फुगलेले, आतला थर टर्किश टॉवेलसारखा खरखरीत. कॉक्सिडिओसिसने आतडे आधी सोलवटते, मग क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू फोफावतो. खाद्यातले थोडेथोडे प्रतिजैविक याच जंतूला दाबून ठेवत असते. ते काढायचे, तर त्या जागी काहीतरी खरोखर काम करणारे हवे.

ओव्यातले थायमॉल, ओरेगॅनोतले कार्वाक्रॉल, दालचिनीतले सिनामाल्डिहाइड हे घटक प्रयोगशाळेत जंतूंची वाढ रोखतात. पण काचेच्या तबकडीतला गुण कोंबडीच्या आतड्यात उतरेलच असे नाही. हे घटक असलेली तेले उडून जाणारी. पेलेट करताना खाद्य ८० अंशांच्या आसपास तापते, तेव्हा वेष्टन नसलेल्या तेलाचा बराच भाग कारखान्यातच जातो. हळद तर आमच्या दारची, म्हणून जो तो तीच सुचवतो. मात्र लेड क्रोमेटची भेसळ असेल, तर औषधाच्या नावाखाली शिसे चारल्यासारखे होईल. दुकानात ‘हर्बल’ बाटल्यांची रांग आहे. वनस्पतींची नावे दहा-दहा, प्रमाण एकाचेही नाही. ‘झाडपाल्याने काय अपाय होतोय?’ असे विक्रेते सांगतात. अपायाची भीती नाही साहेब, पैसे पाण्यात जाण्याची आहे.

म्हणून मुख्य मागणी अशी, की शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयामार्फत आमच्याच शेडवर पावसाळा व उन्हाळा अशा दोन्ही हंगामांत चाचणी घ्यावी. एकाच हॅचरीची पिल्ले तीन कप्प्यांत ठेवावीत : प्रतिजैविकाचे खाद्य, वनौषधीचे खाद्य आणि दोन्हींपैकी काहीच नसलेले खाद्य. हा तिसरा कप्पा वगळू नये; नाहीतर कोरड्या तुसाचे श्रेय ओव्याला मिळेल. वजन, एफसीआर, मरतूक आणि आतड्यांची तपासणी यांचे निष्कर्ष, ते वनौषधींच्या विरुद्ध गेले तरी, मराठीत जाहीर करावेत.

पोत्यावर प्रतिजैविकाचे नाव व मात्रा, तसेच वनौषधी मिश्रणातील मुख्य घटकाचे प्रमाण छापणे बंधनकारक करण्याची शिफारस आपण शासनाकडे करावी. खाद्य बदलण्याचा निर्णय कंपनीचा असेल, तर त्या बॅचमध्ये वाढलेल्या एफसीआरची कपात आमच्या माथी मारू नये. आजारी पक्ष्यांना पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर औषध देण्याची मुभा अर्थातच राहावी.

चाचणीसाठी दोन शेड आम्ही विनामोबदला देऊ. पावसाळी बॅचची पिल्ले मृगाच्या सुमारास येतात. त्याआधी बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
करारी कुक्कुटपालक, खानापूर व तासगाव तालुके