लंगोट, डायपर आणि प्रगतीचा हिशेब

आर्थिक प्रगती आणि पर्यावरण यांचा मेळ कसा घालावा, हा विषय निघाला की चर्चा धरणे, कारखाने आणि महामार्ग यांपाशी जाऊन थांबते. बालरोगतज्ज्ञाच्या टेबलापाशी मात्र तो फार लहान रूपात येतो. ‘डॉक्टर, डायपर कोणता चांगला?’ हा प्रश्न आज इंदूरमध्ये लसीकरणाइतक्याच गांभीर्याने विचारला जातो. त्याचे उत्तर आपण डॉक्टर मंडळी सहसा बाळाच्या त्वचेपुरतेच देतो. ते पुरेसे नाही, असे माझे मत आहे.

प्रथम डायपरच्या बाजूने बोलतो. एकदा वापरून टाकण्याच्या वस्तूंविषयी सरसकट नाक मुरडणे आपल्या व्यवसायाला शोभणार नाही. काचेची सिरिंज उकळून पुन्हा वापरण्याच्या पद्धतीत ‘ब’ काविळीची जी धास्ती असे, ती आठवणारा कोणीही त्या काळाकडे परतू इच्छिणार नाही. डायपरमधील अतिशोषक पॉलिमर ओलावा खरोखरच ओढून घेते; डायपर वेळेवर बदलला तर ओल्या लंगोटापेक्षा पुरळ कमीच उठते. आठ-दहा तास तोच ठेवला की मग त्वचा सोलवटते, आणि दोष कंपनीला दिला जातो. शिवाय पूर्वीचे लंगोट धूत कोण होते? घरातल्या बायका, तेही पहाटेच्या गार पाण्यात. त्या कष्टांची नोंद न घेता जुन्याचे गोडवे गाणे मला अन्यायाचे वाटते.

आता दुसरी बाजू. दिवसाला पाच डायपर धरले तर दोन वर्षांत एका बाळामागे ३,६५० होतात. लाकडाचा लगदा, पॉलिमर आणि प्लॅस्टिकचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते वेगळे काढणे जिकिरीचे. स्वच्छ सर्वेक्षणात आपल्या शहराने २०१७ ते २०२३ सलग पहिला क्रमांक मिळवला (शेवटचा सुरतेच्या जोडीने). फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्घाटन झालेला, रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प म्हणजे कचऱ्यातून अर्थप्राप्तीचे उत्तम उदाहरण. भाजीच्या सालींतून निघालेल्या वायूवर बस धावते. डायपरला त्या साखळीत जागा नाही. ओल्या कचऱ्यात गेला तर तो नासवतो, सुक्यात गेला तर तोही. विष्ठेसह गुंडाळून फेकलेला डायपर शेवटी कोणाच्या तरी हातांत उघडतो, आणि त्या हातांच्या घरीही तान्हे मूल असू शकते.

राष्ट्रीय उत्पन्नाचे गणित इथे मोठे गमतीचे आहे. डायपरचे पाकीट विकले गेले की उत्पन्नात भर पडते. ते जाळण्याचे कंत्राट दिले की पुन्हा भर. आजीने बाळाला पायांवर बसवून, तोंडाने ‘शू शू’ करीत लावलेली सवय मात्र, आईच्या दुधाप्रमाणेच, कोणत्याही खात्यात जमा होत नाही.

म्हणून केवळ कापड वापरा, असे सांगून भागेल का? ब्रिटनच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा २००८ चा अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. सरासरी वापरात दोहोंचा हवामानावरील भार जवळजवळ सारखाच भरला. कापडी लंगोट फार गरम पाण्यात धुऊन यंत्रात वाळवले तर ते डायपरहून वाईट. यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि धाकट्या भावंडालाही वापरले तर मात्र निश्चित सरस. माळव्यात ऊन मुबलक आहे. पाणी तसे नाही. सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदा वीज खर्चून पठारावर चढवावी लागते, हे इंदूरकराने नळ सोडताना लक्षात ठेवावे.

माझा सल्ला मधला आहे. दिवसा घरी सुती लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. रोज एक धरला तर दोन वर्षांत ७३०. बदलताना विष्ठा आधी शौचकूपात टाकावी, डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात द्यावा. आणि लंगोट धुणे-वाळवणे वडिलांकडे सोपवावे. हे मी मुद्दाम वडिलांकडे पाहूनच सांगतो. काही हसतात, काही खरोखर करतात.

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी अनेकांची प्रसूतिगृहे आहेत. बाळाच्या दुधाच्या पावडरीचे मोफत नमुने वाटण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी घातली. डायपरला असा अटकाव नाही, आणि घरी निघालेल्या बाळंतिणीच्या हाती भेटीची पिशवी ठेवणारे आपणच असतो. डॉक्टरच्या हातून आलेली वस्तू घरात औषधासारखी मानली जाते. ती पिशवी बंद करून तिच्या जागी एखाद्या महिला बचत गटाकडून शिवून घेतलेले सहा सुती लंगोट द्यावेत, असे मी सुचवतो. खर्च प्रसूतीच्या एकूण बिलात कोणाच्या नजरेतही भरणार नाही, आणि शिलाईचे पैसे गावातच राहतील.