भेटायला कारण कशाला हवे?

आमच्या भागात माणूस चार पिशव्या घेऊन एस. टी. स्टँडवर दिसला की त्याला पहिला प्रश्न विचारतात, "काय, कार्य आहे का?" कार्य म्हणजे लग्न, बारसे, वास्तुशांत. नाही म्हटले की दुसरा प्रश्न जरा खालच्या आवाजात येतो, "मग कोण गेलं?" या दोन्हींखेरीज नुसते भेटायला म्हणूनही कोणी जात असेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. देवाला जाणे चालते, त्याला नवसाचा आधार असतो. दवाखाना, कोर्ट, कचेरी, तेही चालते. पण मजुरी बुडवून सगळ्या घराने दूरच्या मित्राकडे जायचे, ही आमच्यासारख्यांच्या घरी चैन समजली जाते. मला हे मुळीच पटत नाही.

नोकरदारांच्या घरी सुट्टी हा शब्द कॅलेंडरात छापलेला असतो. केंद्र सरकारच्या नोकरांना तर गावी जायला आणि देश पाहायला रजा प्रवास सवलतही मिळते. मिळावी, माझी तक्रार नाही. परंतु माझे वडील गवंडीकाम करतात. ज्या दिवशी हातात थापी नाही त्या दिवशी हजेरी नाही. अशा घरात प्रवासाचा खर्च सांगताना कारणही सांगावे लागते, आणि मैत्री हे कारण कुणी धरत नाही.

माझे आजोबा खटाव तालुक्यातून मुंबईला गेले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. लालबागला एका गाळ्यात वीस-बावीस माणसे राहायची. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच अंथरुणावर आडवे व्हायचे. जेवण खानावळवालीकडे. त्या गाळ्यात कणकवलीकडचे तात्या त्यांचे जोडीदार. पाळी एक, खाते एक, साचेही शेजारी शेजारी. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिन्याभरात मिटेल म्हणून दोघे आपापल्या गावी गेले, आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले ते सर्वांना ठाऊक आहे. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण गाळ्यागाळ्यांतून जी मैत्री उठून गेली तिचा हिशोब कोणी मांडला असेल असे मला वाटत नाही. नोकरी गेली, फंड अडकला, हे कागदावर येते. जोडीदार सुटला, हे कोणत्या अर्जात लिहायचे?

त्यानंतरच्या त्रेचाळीस वर्षांत दोघे एकदाच भेटले, 1991 साली आमच्या थोरल्या आत्याच्या लग्नात. म्हणजे तेव्हाही कार्य होते म्हणूनच!

गेल्या हिवाळ्यात तात्यांच्या मुलाचा फोन आला, की ते पडले आणि आता घराबाहेर पडत नाहीत. आजोबा दिवसभर काही बोलले नाहीत. वडील म्हणाले, "काही झालंच तर जाऊ की." वडील वाईट बोलले नाहीत, सगळे असेच बोलतात. पण या वाक्याचा अर्थ नीट पाहा. काही झाल्यावर उसने पैसे मिळतात, जीप मिळते, मुकादमही सुट्टी देतो. ज्याला भेटायचे तो तेवढा नसतो. मयतीला जायला आपल्याकडे पैसा सापडतो आणि जिवंत माणसाकडे जायला सापडत नाही, हा कुठला हिशोब? मी हे घरात बोलले. कॉलेजात जाऊन पोरगी फार बोलायला लागली, असे ऐकून घेतले. पण मे 2025 मध्ये आम्ही निघालो.

खर्चाचा बाऊ करणाऱ्यांसाठी सांगते. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस. टी. फुकट आहे, आणि मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ते फुकट. आई आणि मी मिळून एक तिकीट. वडिलांचे एक आणि धाकट्या भावाचे. खरा खर्च वडिलांच्या चार दिवसांच्या हजेरीचा, आणि म्हशींचा. त्या चुलतीने सांभाळल्या. सोबत ज्वारी, मटकी आणि आईने केलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या. वडूज, कऱ्हाड, कोल्हापूर असे करीत फोंडा घाट उतरलो. घाटात भावाला दोनदा उलटी झाली.

"फोन आहे की!" असे म्हणणाऱ्यांनी पुढचे वाचावे. साचेखात्यातल्या आवाजाने दोघांचेही कान गेलेले आहेत. आजोबांना थोडे तरी ऐकू येते, तात्यांना जवळजवळ नाहीच. फोनवर दोन्हीकडून नुसते "हॅलो, हॅलो" चालायचे. व्हिडिओ कॉल लावून दिला तर आजोबा तो कानालाच लावत. पण समोरासमोर बसल्यावर तात्या "इलंस!" एवढे म्हणाले आणि मग दोघे बोलेनासेच झाले. हातवारे सुरू झाले. धडधडणाऱ्या साच्यांपाशी हाक ऐकू येत नसे, तेव्हा साचेवाले ओठांवरून आणि खाणाखुणांवरून बोलत. तीच ती भाषा. बोटांनी धागा तुटल्याची खूण, मिशीवरून हात फिरवला की जॉबर आला, अंगठा तोंडाकडे की चहा. ओसरीवर तास दीड तास हे चालले होते. मध्येच दोघे हसत, आम्हांला कळत नसे कशाला. माझ्या आजोबांना अशी एक भाषा येते हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हते, कारण ती बोलायला आमच्याकडे दुसरा माणूस नव्हता.

परत आल्यावर मैत्रिणींनी विचारले, "तारकर्ली पाहिलीस का? सिंधुदुर्ग किल्ला?" नाही. आम्ही समुद्रही पाहिला नाही. भाऊ त्यावरून अजून रागावलेला आहे, आणि त्याचा राग रास्त आहे. कोकणात तीन रात्री राहून समुद्र न पाहणे हे दहा वर्षांच्या मुलाला कसे पटावे? फणसाचे गरे, कुळथाची पिठी आणि आमसुलांची पुडी यांनी त्याची भरपाई होत नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या ओसरीवरच सुचली. आजोबांची मैत्री निदान घरात सर्वांना माहीत होती. आईची मैत्रीण कोण, हे मला एकोणीस वर्षांत कधी विचारावेसे वाटले नव्हते. बायकांना अर्धे तिकीट झाले, तरी आई त्यावर माहेरी, तालुक्याच्या दवाखान्यात आणि शिंगणापूरला, एवढीच गेली आहे. पुरुषाचा जोडीदार गिरणी बंद पडली म्हणून सुटतो, बाईची मैत्रीण लग्न लागले की सुटते. आडनाव बदलते, गाव बदलते, पत्ता कुणाजवळ नसतो. त्याला संप लागत नाही, आणि त्याबद्दल कोणी हळहळतही नाही.

येताना कऱ्हाडच्या स्टँडवर वडूजच्या गाडीला वेळ होता. आई उठून चौकशीच्या खिडकीपाशी गेली आणि जतकडे जाणाऱ्या गाड्या कधी असतात ते विचारून आली. तिच्याबरोबर सातवीपर्यंत शिकलेली एक जण तिकडे दिली आहे म्हणे. वेळा तिने मला वहीत लिहून ठेवायला सांगितल्या. वडिलांनी विचारले, "जतला काय आहे?" आई म्हणाली, "काही नाही."

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला