रोल नंबरच्या पलीकडे मी कोण?

हॉस्टेलवर नवीन आलेल्या पोराला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. गाव कोणतं? ब्रँच कोणती? आडनाव काय? मी 'किन्हीराजा' म्हटलं की समोरचा गोंधळतो. मग सांगावं लागतं, "मालेगाव तालुका. नाशिककडचं मालेगाव नव्हे, आपल्या वाशीम जिल्ह्यातलं!" ब्रँच सिव्हिल. तिसऱ्या प्रश्नात मात्र चौथा प्रश्न लपलेला असतो. आडनावावरून अंदाज लागला नाही की विचारतात, "म्हणजे तुम्ही लोक कोण?" मी 'ख्रिस्ती' म्हणतो. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "ते ठीक आहे रे, पण आधीचे कोण?"

मित्रहो, त्या प्रश्नाचं उत्तर मी इथं देणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. ते उत्तर मिळालं की पुढचा लेख कोण कसा वाचणार हे तिथंच ठरून जाईल, म्हणून.

खरं सांगायचं तर 'मी कोण' हा प्रश्न मला जातीमुळं पडलाच नाही. तो पडला केटीमुळं! सेकंड इयरला माझे दोन विषय राहिले. त्याआधी मी गावाचा 'इंजिनिअर' होतो. बाबा सोयाबीन विकायला गेले तरी तिथं माझं नाव काढायचे. रिझल्ट लागला आणि मी कोणीच उरलो नाही. मेसमध्ये गर्दी ओसरल्यावर जायचो, घरचा फोन उचलायचो नाही, सुट्टी लागूनही दहा दिवस गावी गेलो नाही. रूम पार्टनर बिचारा म्हणायचा, "अरे, केटी कोणाला लागत नाही?" पण माझं दुःख केटीचं नव्हतंच. मार्क काढून घेतले तर माझ्यात शिल्लक काय राहतं, याचं उत्तर मला सापडत नव्हतं.

शेवटी गावी गेलो. आजीनं काही विचारलं नाही, ताट वाढलं. आमच्या घरात हा विश्वास तिच्यापासून आला. तरुणपणी ती वाशीमच्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलात बरेच दिवस होती. 1938 साली नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी सुरू केलेला हा दवाखाना. आजी तिथून बरी होऊन आली आणि पुढं काही वर्षांनी ख्रिस्ती झाली. लोक म्हणायचे, दवाखान्यापायी बाटली. त्या दिवशी मी तिला धीर करून विचारलं, खरं का? ती हसली. "दवा त सगळ्याइलेच भेटे रे बाबू. सगळे कुठी झाले ख्रिस्ती?" मग थोडं थांबून म्हणाली, "गावात मले कोनी नावानं बोलवे नाही. कोनाची बायको, कोनाची सून, नाहीत जातीचं नाव. देव मले नावानं ओयखते, हे तिथी समजलं."

चौथी शिकलेल्या बाईनं माझा प्रश्न एका वाक्यात सोडवला!

सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला सर सांगतात, स्टाफवरचं रीडिंग कितीही बारकाईनं घ्या, बेंचमार्कच चुकीचा धरला तर लेव्हल बुकातला प्रत्येक आकडा चुकतो. आपण स्वतःची उंची कशावरून मोजतो? शेजारच्या रूमवाल्याच्या पर्सेंटेजवरून, कॅम्पसमध्ये मिळालेल्या पॅकेजवरून, जातीच्या उतरंडीवरून. हे सगळे बेंचमार्क हलणारे आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग आहे. तोवर त्या शुभवर्तमानात त्याचा एकही चमत्कार आलेला नाही, एकही प्रवचन आलेलं नाही. तरी तू माझा आवडता पुत्र आहेस, अशी वाणी त्याला ऐकू येते. आपल्याकडं आधी रिझल्ट, मग पेढे. इथं पेढे आधी! देवाचं लेकरू असणं हे कमवायचं नसतं, म्हणून ते नापास झाल्यानं जातही नाही. ख्रिस्ती विश्वासातली ओळख म्हणजे मला समजलेली गोष्ट एवढीच.

पण मग धर्म बदलला की आपली माती, आपली भाषा सुटते का? या शंकेला माझं उत्तर म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांचीच कविता. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ते 'साहेब' झाले नाहीत. आडनाव टिळकच राहिलं, भजन-कीर्तन चर्चमध्ये आलं, आणि तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते मानत.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र लगेच त्यांच्यामागं गेल्या नाहीत. त्या रडल्या, भांडल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला. त्यांनी शिवाशिव सोडली आणि 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रे' आपल्या लायब्ररीत असेल तर जरूर वाचा. नवऱ्याची ओळख बायकोला आपोआप लागू होत नाही, हे त्यातून कळतं. देवाशी नातं ज्याचं त्यानंच जोडायचं असतं. दुसऱ्याची जर्नल कॉपी करून सबमिशन होतं, हे होत नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं फायद्यासाठी असतं. तर कागद बघा. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात हिंदूंनंतर 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेले दलित त्यात नाहीत. म्हणजे कित्येकांनी ही ओळख हातचं सोडून घेतली आहे. आणि आमचं सगळं छान आहे असंही नाही. लग्न जुळवताना आमच्यातही "आधीचे कोण?" हळूच विचारलं जातंच. ख्रिस्तात यहुदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद नाही हे पौलानं गलतीकरांना लिहिलं, ते आम्ही रविवारी वाचतो आणि सोमवारी विसरतो. दोष बेंचमार्कचा नाही, रीडिंग घेणाऱ्यांचा आहे.

असो. कोणी चर्चमध्ये यावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. माझ्या रूममध्ये गजानन महाराजांचा फोटो आणि माझं बायबल एकाच फळीवर आहे, भांडण फक्त पंख्याच्या स्पीडवरून होतं. पण रिझल्टच्या दिवशी एखादं दार आतून बंद दिसलं, तर जरूर वाजवा. रोल नंबरनं नको, ब्रँचनं नको, आडनावानं तर नकोच. त्याला त्याच्या नावानं हाक मारा.

त्या दोन विषयांपैकी एक सुटला. दुसऱ्याचा फॉर्म भरलाय. या खेपेला मात्र घरचा फोन पहिल्या रिंगलाच उचलणार आहे, रिझल्ट काहीही लागो!