क्रेन आली म्हणजे सुरक्षितता आली काय?

भाद्रपद संपला की आपण मांडवाचा हिशेब मांडतो: वर्गणी किती, रोषणाई किती, मूर्ती किती फुटांची. एक हिशेब मात्र इंद्रपुरीतले कोणतेही मंडळ मांडत नाही. मूर्ती उचलायला आणलेली क्रेन कोणत्या जमिनीवरून, कोणत्या उतारावरून आणि कोणाच्या भरवशावर चालली?

शुक्रवार 13 सप्टेंबर 2019 ची पहाट या परिसरात कोणी विसरलेले नाही. खटलापुरा घाटावर विसर्जनाच्या वेळी नाव उलटली आणि 11 तरुण बुडाले. ती मुले आपल्या शेजारच्या पिपलानीची होती. त्यानंतर सगळीकडे एकच उपाय ऐकू येऊ लागला: ‘नाव नको, क्रेन लावा.’ उपाय चुकीचा नाही. पण क्रेन लावली की आपली जबाबदारी संपली, ही समजूत घातक आहे. नाव पाण्यात उलटते, क्रेन जमिनीवर उलटते, एवढाच काय तो फरक.

22 जानेवारी 2023 रोजी तामिळनाडूत अरक्कोणमजवळच्या कीळवीदी गावात देवीच्या उत्सवात हेच घडले. देवीला हार घालण्यासाठी भाविक क्रेनवर चढले होते. खालची जमीन सपाट नव्हती. क्रेन कलंडली आणि चार जणांचा जीव गेला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. आपण शहाणे झालो का?

इंद्रपुरी ही कारखान्याच्या सावलीत वाढलेली वस्ती आहे. आपल्यातल्या कित्येकांनी भेलमध्ये तीस-पस्तीस वर्षे काढली. शॉपमध्ये लटकत्या भाराखाली कोणी उभा राहिला तर फोरमन काय बोलत असे, ते त्यांना आठवत असेल. तीच माणसे निवृत्त झाल्यावर मिरवणुकीत हायड्राच्या बूमखाली नातवाला खांद्यावर घेऊन उभी राहतात! नियम गेटच्या आतच ठेवून यायचे असतात काय?

क्रेनवर लिहिलेली क्षमता, मग ती दहा टन असो वा बारा, कडक आणि सपाट जमिनीसाठी असते, तीही भार चाकांजवळ असताना. बूम पुढे गेला की ती झपाट्याने उतरते. त्यात उतार आला की काय होते, ते साध्या गणिताने पाहा. रस्ता आडवा वीस फुटांत एक फूट कलता आहे आणि हूक टांगलेले टोक तीस फूट उंच आहे. तेवढ्यानेच भार दीड फूट बाजूला सरकतो. चालकाने कोणताही खटका दाबलेला नसतो, तरी यंत्राचा तोल गेलेला असतो. त्यातच भार झुलला, एक चाक खड्ड्यात गेले किंवा एका टायरात हवा कमी असली, तर सावरायला वेळ मिळत नाही. जुन्या धर्तीच्या हायड्राची वळणारी चाके मागे असतात. पुढचा भार जड होऊन मागचा भाग उचलला गेला की स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे. शिवाय समोरचा बूम चालकाची नजर अडवतो, ते वेगळेच.

आणि आपली जमीन कशी? भोपाळ हे चढ-उतारांचे शहर. तळ्याकडे जाणारा प्रत्येक रस्ता शेवटी उतारच असतो. पावसाळ्याअखेर काळी माती पाणी पिऊन फुगलेली असते, आणि नळाच्या किंवा सांडपाण्याच्या चरावर नुसती माती लोटून बुजवलेली असते. वरून रस्ता दिसतो, खाली पोकळी असते. विसर्जन नेमके याच दिवसांत येते.

काही म्हणतील, ‘इतकी वर्षे काही झाले नाही.’ 12 सप्टेंबर 2019 च्या रात्रीपर्यंत त्या नावेचेही काही झाले नव्हते. काही म्हणतील, ‘चालक अनुभवी आहे.’ 12 जुलै 2009 रोजी दिल्लीत जमरूदपूर येथे मेट्रोचा पूल कोसळला. दुसऱ्याच दिवशी तिथला पडलेला भाग उचलताना क्रेनही कोसळल्या. तिथे अभियंते होते, अनुभवी चालक होते. आपल्याकडे कोण असते? ढोल वाजत असतो, दहा जण दहा दिशांनी हात हलवत असतात आणि चालकाने कोणाचे ऐकायचे तेच ठरलेले नसते.

तिसरे उत्तर सर्वांत लाडके: ‘बाप्पा सांभाळेल.’ बाप्पा बुद्धीची देवता आहे, बुद्धी गहाण ठेवणाऱ्यांची नव्हे.

खरे दुखणे मूर्तीच्या उंचीत आहे आणि उंचीमागे फलकावरच्या फोटोंचे राजकारण आहे. शेजारच्या मंडळापेक्षा दोन फूट जास्त, म्हणून देणगी जास्त, म्हणून पुढाऱ्याचा फोटो मोठा. पुढारी आरतीला येतो, नारळ फोडतो, निघून जातो. पहाटे उतारावर क्रेनपाशी उरतात ती आपली मुले. निवडणुकीच्या काळात मांडवात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला यंदा एकच प्रश्न विचारा: घाटावर क्रेनसाठी सपाट, पक्का काँक्रीटचा ओटा कधी बांधणार? वरातीमागून घोडे आम्हाला नकोत.

पण सगळे महापालिकेवर ढकलून मोकळे होणेही बरे नव्हे. मंडळांनी स्वतः एवढे तरी करावे. मूर्ती ट्रकवरून न्यावी, हायड्राला लटकवून रस्त्याने मिरवू नये. क्रेन ओट्यावर उभी करूनच उचल करावी. भार घेऊन थोडे चालावेच लागले, तर बूम आखूड व खाली, भार जमिनीपासून वीतभर, वेग माणसाच्या चालीचा. भार नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे चढताना पुढे तोंड आणि उतरताना उलट. उतारावर आडवे जाणे नाही, वळणे नाही. आदल्या दिवशी दोघांनी वाट पायी चालून चर, झाकणे आणि वरच्या विजेच्या तारा पाहाव्यात. इशारा देणारा खलासी एकच. बूमच्या पल्ल्यात कोणी नाही आणि क्रेनवर स्वार तर कोणीच नाही.

याला फार पैसा लागत नाही. लागते ती ‘नाही’ म्हणण्याची हिंमत. येत्या सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. ज्यांना तो भित्रेपणा वाटतो, त्यांनी आधी पिपलानीतल्या त्या अकरा घरांपैकी एका घरी जाऊन यावे आणि मग सभेत बोलायला उभे राहावे.