दिवाणखान्यांत बसावें कोणीं?

श्रावण अर्धा सरला, कीं मालवण, वेंगुर्लें, कुडाळ, सावंतवाडी या बाजूच्या नव्या घरांतून एक प्रश्न हटकून कानीं येतो : यंदा गणपति कोठें बसवावयाचा? जुन्या घरांत हा प्रश्न उद्भवत नसे. माजघराची एक भिंत त्यासाठीं राखलेली असे. चतुर्थी जवळ आली म्हणजे ती नव्यानें रंगवीत, वर लांकडी माटवी टांगीत, आणि तिला नारळ, सुपारीचीं शिपटीं, तवशीं, कवंडळें व रानांतील फुलेंपानें बांधीत. नव्या घरांत त्याच जागीं कांचेचें कपाट असतें, शेजारीं दूरचित्रवाणीचा पडदा असतो, आणि समोर चार माणसांवांचून न हलणारा कोच. मग कोच पडवींत जातो, पावसाच्या झडींत भिजतो, आणि देव परत गेल्यावरही त्याचा कुबट वास दसऱ्यापर्यंत घरांत राहतो. थोड्या दिवसांच्या पाहुण्या देवास जागा करतांना ज्या घरांत एवढी ओढाताण होते, तेथें वर्षभर वावरणाऱ्या माणसांस तरी नीट जागा असेल काय? या शंकेमुळें या महिन्यांत दिवाणखान्याच्या मांडणीविषयीं चार शब्द लिहितों.

सजावट म्हटली, कीं पडदे कोणत्या रंगाचे घ्यावे, हें लोक प्रथम विचारतात. आमच्या मतें पहिला प्रश्न निराळा आहे : या खोलींत बसावें कोणीं? खोलींतील सामान या प्रश्नाचें उत्तर न बोलतां देत असतें. बाहेरून आलेल्यास तें तत्काळ कळतें. घरच्यांच्या मात्र तें ध्यानांत येत नाहीं.

जुन्या ओटीची स्तुति आपण पुष्कळ ऐकतों, आणि तींतील बरीचशी खरीही आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, सारवलेली जमीन, उतरतें कौलारू छप्पर, एका बाजूस झोंपाळा, भिंतीशीं गादी व लोड. याहून अधिक सामान जवळजवळ नसेच. दुपारीं तेथें पोथी वाचीत, सायंकाळीं सुपारी सोलीत, रात्रीं एखादा वाटसरू तेथेंच अंग टाकी. परंतु त्या ओटीवर बसत कोण, हें सांगण्यास आपण कचरतों. घरची गृहिणी पुरुषमंडळींसमोर तेथें बसत नसे. तिची जागा माजघराच्या दाराआड. कूळ खळ्यांत उभें राही. कोणी पायरीपर्यंत येई, कोणी पडवीपर्यंत. खळें, पायरी, पडवी, ओटी ही नुसती घराची रचना नव्हती. ती माणसें मोजण्याची पट्टी होती, आणि आपल्या ब्राह्मण घरांत ती विशेष काटेकोरपणें वापरली जाई.

या पट्टीस शास्त्राचा आधार शोधणारास तो सांपडतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत, आसन, निवास व शय्या हीं उत्तमास उत्तम, समानास समान व हीनास हीन द्यावीं, असें सांगितलें आहे. पण त्याच अध्यायांत, त्यापूर्वीं थोड्याच श्लोकांवर, दुसरेंही एक वचन आहे. बसावयास गवत, टेकावयास जमीन, प्यावयास पाणी आणि गोड शब्द, या चार गोष्टी सज्जनांच्या घरीं कधीं संपत नाहींत, असा त्याचा आशय. एका वचनांत माणसाची पायरी आधीं पाहिली आहे, दुसऱ्यांत माणूस आधीं पाहिला आहे. ओटीनें बहुधा पहिलें उचललें. नवा दिवाणखाना मांडतांना दुसरें उचलण्यास कोणाची आडकाठी आहे? या दृष्टीनें खुर्ची घरांत आली तें बरेंच झालें. सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, कीं उंचनीच भाव निदान तेवढ्यापुरता तरी मिटतो.

असें असतां नव्या दिवाणखान्यानें आपली एक निराळी पट्टी निर्माण केली आहे. कोच इतका ठेंगणा व मऊ, कीं गुडघे दुखणाऱ्या आजीस त्यांतून कोणी हात दिल्यावांचून उठवत नाहीं. म्हणून ती बसतच नाहीं, आणि आपल्याच घरांत आंतल्या खाटेवर दिवस काढते. सर्व आसनांचीं तोंडें दूरचित्रवाणीकडे, म्हणून आलेला पाहुणा यजमानाशीं बोलतो तो मान वांकडी करून. घरची स्त्री चहा घेऊन येते, आणि बसण्यास जागा न दिसल्यानें उंबऱ्याशीं उभी राहते. दाराआडची जागा उंबऱ्यापर्यंत पुढें सरकली, एवढीच काय ती सुधारणा! आमच्या जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ शोभेचा नाहीं. मुलें मुंबई-पुण्यास चाकरीला, आणि घरीं दोन वृद्ध जीव, अशीं घरें गांवोगांव आहेत. त्यांच्या दिवसांत शेजारचें कोणी येऊन घटकाभर बसलें, तर तोच दिवसाचा आनंद. तें माणूस अवघडून लौकर उठलें, तर हानि कोणाची झाली, हें सांगावयास नको.

आतां मांडणीविषयीं. सीमेपलीकडे गोव्यांत चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या वाड्यासारख्या मोठ्या ख्रिस्ती घरांत नृत्याचें दालन असतें. नृत्यासाठीं मध्यभाग मोकळा हवा, म्हणून तेथें खुर्च्या भिंतीकडेनें ओळीनें लावणें योग्यच आहे. पण आपल्याकडे नृत्य नाहीं; बोलणें आहे. तेव्हां आसनें परस्परांस सन्मुख असावीं, आणि मधलें अंतर सहा-सात फुटांहून अधिक नसावें, म्हणजे वृद्धांस ऐकण्यास ताण पडत नाहीं. दारापासून आंत जाणारी वाट अडीच-तीन फूट मोकळी ठेवावी. गीतेच्या सहाव्या अध्यायांत ध्यानाचें आसन फार उंच नको, फार नीच नको, असें सांगितलें आहे. दिवाणखान्यांतही हा नियम उपयोगी पडतो. बैठकीची उंची सुमारें दीड फूट असावी, आणि निदान दोन खुर्च्या ताठ पाठीच्या व हातांच्या असाव्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसास हातांवर भार देऊन स्वतः उठतां येतें. झोंपाळा असल्यास तो काढूं नये.

सामान निवडतांना आपली हवा विसरूं नये. या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि किनाऱ्यावर वाऱ्यांतच मीठ असतें. फोमचा जाड कोच येथें बुरशीचें घर होतो. कापसाची गादी मात्र ऊन पडलें कीं खळ्यांत वाळवितां येते. प्लायवूडचीं कपाटें पाण्यानें फुगतात व त्यांना वाळवी लागते. लोखंडी खिळा गंजून लांकूडही खातो, म्हणून पितळी स्क्रू वापरावे. कोणतेंही कपाट भिंतीपासून चार बोटें दूर असावें, म्हणजे मागें वारा खेळतो. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. त्यांत प्रशस्त मानलेल्या लांकडांत साग, शिवण व शिसव हीं आहेत. वीज पडलेल्या किंवा पुरानें उन्मळलेल्या झाडाचें, तसेंच ज्यावर पक्ष्यांचीं घरटीं वा मधाचीं पोळीं आहेत त्याचें लांकूड घेऊं नये, असेंही तो सांगतो. आमच्याकडे यांत फणसाची भर घालावी. फणसाचें पिवळें लांकूड वापरानें तांबूस होत जातें, आणि तें परसांतच मिळतें. आजोबांची फणसाची आरामखुर्ची जुनें सामान घेणाऱ्या व्यापाऱ्यास मातीमोल देऊन कारखान्याची खुर्ची आणणें, हा व्यवहार कोणत्याही हिशेबानें आतबट्ट्याचाच.

शोभेसाठीं दूर जावयास नको. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याच्या व आंब्याच्या लांकडावर रंगीत लाखकाम करीत आले आहेत. तेथील दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकीं बारा, अशीं १२० गोल पानें असतात. ही कला लोपाच्या वाटेवर असतां शिवरामराजे भोंसले व सत्त्वशीलादेवी यांनीं एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, आणि १९७१ पासून राजवाड्यांत तिचें काम सुरू केलें. दरबाराच्या दालनांत मानकऱ्यांच्या जागीं चितारी कुंचला घेऊन बसूं लागले. मोठ्या घरांतील मानाची खोली याहून चांगल्या कामीं लागलेली आम्हांस ठाऊक नाहीं. अशा चिताऱ्याकडून एक रंगीत चौरंग घ्यावा व तो वापरावा; कांचेंत कोंडूं नये. वस्तु थोड्या असाव्या. जपानी घरांत तोकोनोमा नांवाचा एक कोनाडा असतो. त्यांत बहुधा एकच चित्र टांगतात व ऋतुमानाप्रमाणें तें बदलतात. एडवर्ड मोर्स या अमेरिकन विद्वानानें १८८६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या जपानी घरांविषयींच्या ग्रंथांत या साधेपणाची वाखाणणी केली आहे.

आपल्या गणपतीची भिंत हा आपला तोकोनोमाच होय. नव्या घरांतही एक भिंत अशी राखावी. वर्षभर तिच्यावर एखादेंच चित्र असावें, खालीं दोन माणसांनीं सहज उचलावें एवढेंच सामान असावें, आणि माटवीसाठीं वर कड्या घर बांधतांनाच बसवून घ्याव्या.

यंदा विसर्जनानंतर सामान पुन्हा लावतांना तें पूर्वींच्याच जागीं घाईनें ढकलूं नये. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास आणि स्वयंपाकघरांतून सर्वांच्या शेवटीं बाहेर येणाऱ्या स्त्रीस आधीं विचारावें, "तुम्हांला कोठें बसावयास आवडेल?" त्या दोन जागा ठरवाव्या, आणि बाकीचें सामान मग त्यांच्या भोंवतीं लावावें.