वहिनी, इथं सही करा

मैत्रिणींनो, आज एक कबुली द्यायची आहे. बरेच दिवस मनात होती, लिहायचं धाडस होत नव्हतं.

लग्नाआधी मी दोन वर्षं एका माध्यमिक शाळेत शिकवत होते. राज्यशास्त्र घेऊन बी.ए., नंतर बी.एड., त्यामुळं सहावीचं नागरिकशास्त्र आपसूकच माझ्याकडं आलं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी उतरंड फळ्यावर रंगीत खडूनं काढायचे. ग्रामसभेचे सभासद कोण? गावातले सगळे मतदार. वर्षातून किमान किती सभा? चार. मुलं घडाघडा सांगायची, पेपरात पैकीच्या पैकी मार्क घ्यायची, आणि मला आपण फार छान शिकवतो असं वाटायचं. ग्रामसभा मात्र मी तोवर एकदाही बघितली नव्हती. ती जाऊन बघायची गोष्ट आहे, हेच कधी डोक्यात आलं नाही.

लग्न होऊन या गावात आले. पंचगंगेच्या काठचं, उसाचं गाव. सासरचे लोक चांगले, घर मोठं, माणसांचा राबता. अशीच एकदा दशलक्षण पर्वाच्या दिवसांत दुपारी मी स्वयंपाकघरात होते. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची म्हणून हात चालवत होते. ग्रामपंचायतीचा शिपाई दारात आला. काखेत जाडजूड वही.

"वहिनी, महिला सभेची वही हाय. इथं सही करा."

मी हाताचं पीठ पदराला पुसलं आणि एकच प्रश्न विचारला, "कुठं?"

त्यानं बोट ठेवलं, मी सही केली. "काय अक्षर वो तुमचं, मोत्यासारखं," असं म्हणून तो गेला. महिला सभा झालीच नव्हती, हे मला माहीत होतं. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, हेही मला माहीत होतं. कायदाच तसा आहे. तरीही त्याआधी सात-आठ वर्षं मी अशाच सह्या करत आले होते. शिपाई गरीब माणूस, त्याला कशाला चार हेलपाटे, एवढाच विचार.

दिवाळीनंतर शाळेच्या मैदानावर जेसीबी आला.

आमच्या प्राथमिक शाळेला लागून एक मोकळी जागा आहे. तिथं झेंडावंदन होतं, मुलं लंगडी-खोखो खेळतात, सुट्टीत म्हाताऱ्या शेवया वाळत घालतात. माझी मुलगी तेव्हा त्याच शाळेत तिसरीत होती. घरी येऊन म्हणाली, "आई, आमच्या मैदानात दुकानं होणार." रस्त्याच्या बाजूनं गाळे काढायचे ठरले होते. आम्ही पाच-सहा जणी तावातावानं ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी बसायला खुर्च्या दिल्या, शांतपणे वही उघडली आणि माझ्यापुढं सरकवली. महिला सभेनं एकमतानं ठराव मंजूर केलेला. सूचक कुणीतरी दुसरी. अनुमोदक म्हणून माझं नाव. आणि हजेरीत माझी ती मोत्यासारखी सही.

त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला तो आजही आठवतो. माझ्याच लेकीचं मैदान मी पिठाच्या हातानं देऊन टाकलं होतं.

आमच्यात एक आक्का होती. रोजगाराला जाते, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. ती मागून म्हणाली, "माझा अंगठा न्हाई त्यात."

मी तिला नंतर विचारलं. तिच्याकडंही शिपाई गेला होता. ती म्हणाली होती, "वाचून दाव, मग अंगठा देतो." तो म्हणाला, लई मोठं हाय, वेळ न्हाई. "मग मला बी वेळ न्हाई," म्हणून तिनं कडी लावून घेतली. हे शहाणपण तिला कुठल्या शाळेनं दिलेलं नाही. तिच्या वडिलांनी एकदा असाच न वाचलेल्या कागदावर अंगठा दिला होता, आणि बांधालगतची जमिनीची पट्टी गेली होती. तिला तो धडा एकदाच मिळाला, आणि पुरला. मला सोळा-सतरा वर्षं शिकवलं गेलं, वर दोन वर्षं मी दुसऱ्यांना शिकवलं, आणि तिला सुचलेलं एक वाक्य मला सुचलं नाही.

तेव्हापासून हाच विचार पोखरतो आहे. आपण म्हणतो, माणसं शिकली की चांगले नागरिक होतील. मग शिकलेली मी कुठं कमी पडले? माहिती कमी होती म्हणावं, तर ती सगळी तोंडपाठ होती. मला वाटतं, मी शाळेत जे खरोखर शिकले ते पुस्तकात छापलेलं नव्हतंच. अपेक्षित उत्तर द्यायचं. बाईंना उलट विचारायचं नाही. सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या वेळी, सुवाच्य अक्षरात लिहायचं. मुलगी असेल तर आणखी एक, जास्त प्रश्न विचारणारी ती आगाऊ. मी शहाणी मुलगी होते. वर्गात शहाणी, सासरी शहाणी, आणि शिपायापुढंही शहाणीच.

पदवी म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे मतदानाचे आकडेही सांगतात. २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास झालं, आणि गडचिरोली-चिमूरमध्ये सत्तर टक्क्यांच्या वर. कुठल्या ठिकाणी शाळा-कॉलेजं जास्त आहेत ते सांगायला नको.

त्याच गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटंसं गोंड गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. २००९ मध्ये त्या गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा पेपरांतून बरंच छापून आलं होतं. मला त्यातली हक्काची बातमी जितकी महत्त्वाची वाटली, त्याहून जास्त त्यांची रीत आवडली. तिथं निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांच्या सहमतीनं होतो. एकाला पटलं नाही तर पुन्हा बसायचं. आणि निर्णयाच्या आधी अभ्यास. गावात अभ्यासगट चालतात. विषय जंगलाचा असो, कायद्याचा असो, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं, त्याला विचारायचं, ऐकायचं. पण निर्णय त्यानं द्यायचा नाही, तो ग्रामसभेचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. या अभ्यासगटाला परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. पण मला विचाराल तर नागरिकशास्त्राची खरी शाळा तीच. तिथं माणूस एखादी गोष्ट शिकतो ती उद्या तिच्यावर हात वर करायचा असतो म्हणून. माझ्या वर्गातली मुलं शिकत होती ती सहामाहीत येणार म्हणून.

आपल्याच समाजातलं उदाहरण द्यायचं तर कर्मवीर भाऊराव पाटील. कुंभोजचे, आपल्या जैन घरातले. कोल्हापूरला जैन बोर्डिंगात असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परत आल्यावर सोवळ्यासाठी आंघोळ करायला नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. हे आपण जयंतीच्या भाषणात घाईनं उरकतो, कारण सोवळं आपलंच होतं. त्यांचं स्वतःचं शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही गेलं नाही. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, काम करायची आणि शिकायची. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. एका घरंदाज जैन सुनेनं सोवळं-ओवळं बाजूला ठेवून सगळ्या जातींच्या लेकरांना रांधून घालणं, तेही त्या काळात, हे मला भाऊरावांच्या सगळ्या भाषणांहून मोठं वाटतं. समता हा धडा त्या मुलांना वाचायला लागलाच नसेल. रोज शेजारच्या ताटाकडं बघून तो कळत असणार.

आता आपल्या मुलांच्या शाळा बघा. परिपाठाला रोज संविधानाची उद्देशिका म्हणतात, छानच आहे, मला ती मुलांच्या तोंडून ऐकायला आवडते. विद्यार्थी मंत्रिमंडळ असतं, त्यात एक पाणीमंत्रीही असतो. आमच्या शेजारचा मुलगा पाणीमंत्री होता. त्याचं काम काय, तर गुरुजींनी सांगितलं की पिंप भरायचं. नळाला तोटी नाही, पाणी वाया जातं, त्याचं काय करायचं हे त्याला कुणी विचारलं नाही. मंत्रिपद मिळालं, अधिकार काही नाही! (मोठेपणी उपयोगी पडेल म्हणा.) शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यामागं अहवाल, ॲप, सर्वेक्षणं इतकी लावली आहेत की ती बिचारी माणसं शिकवतात कधी याचंच नवल. मला नवा विषयही नको, त्याची शंभर मार्कांची परीक्षाही नको. वर्गाला पुस्तकं घ्यायला पाचशे रुपये आलेत, कुठली घ्यायची ते मुलांनी बसून ठरवावं. मैदान एकच आहे, सातवीच्या पोरांनी ते अडवून ठेवलंय, तर चौथीच्या मुलींनी सभेत ते मांडावं आणि सातवीनं ऐकून घ्यावं. भांडणं होतील. होऊ देत. मोठेपणी ग्रामसभेत पहिल्यांदाच भांडण्यापेक्षा ते बरं.

आणि आई-वडील म्हणून आपण काय करतो? कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात, निम्म्या बायका लागतात. पण समितीची बैठक लागली की नवरा विचारतो, "तुला जमणार आहे का?" आणि आपण म्हणतो, "छे, तुम्हीच जाऊन या."

बस्तीतल्या पाठशाळेचंही सांगते, रागावू नका. हत्ती आणि सहा आंधळ्यांची गोष्ट सांगून आपण मुलांना अनेकांत शिकवतो. प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा अंश असतो, म्हणून ऐकून घ्यावं. मग ट्रस्टची वार्षिक सभा भरते, तेव्हा बायका आत मसालेभात करत असतात आणि बाहेर दोन-तीन ठरलेले आवाज बोलत असतात. मुलं दोन्ही बघतात. त्यातलं कुठलं त्यांच्या लक्षात राहील?

मैदानाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही अर्ज देऊन ठरावाची नक्कल घेतली, पुढच्या ग्रामसभेला बारा जणी गेलो. मी बोलायला उभी राहिले तेव्हा पाय लटपटत होते. सभा झालीच नव्हती, सही मी न वाचता केली, चूक माझी आहे, असं सगळ्यांसमोर सांगावं लागलं. घरातही दोन दिवस अबोला होता, कारण गाळ्यांपैकी एक आमच्या नात्यातल्या माणसाला मिळायचा होता. तीन गाळे तोवर उभे राहिले होते, ते आहेत. उरलेल्या जागेला कुंपण घालायचा ठराव झाला. कुंपण अजून झालेलं नाही. मुलं उरलेल्या अर्ध्या जागेत खेळतात, चेंडू गाळ्याच्या शटरवर आपटला की दुकानदार ओरडतो.

यंदा लेक सहावीत गेली. तेच पुस्तक, तोच धडा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला मी तिला बरोबर नेलं. ती मागं बसून डोकी मोजत होती. माझ्या कानात म्हणाली, "आई, त्रेचाळीसच आहेत. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातले कमी असतील तेवढे तरी लागतात ना?" गाव तीन हजारांच्या वर मतदारांचं, म्हणजे शंभर हवेत. मी उठून विचारलं. ग्रामसेवक म्हणाले, "वहिनी, ही तहकूब सभा आहे. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही."

नियम बरोबर होता. मी खाली बसले. लेकीनं पदर ओढला. "मग आधीची सभा कधी झाली होती?"

मी पुन्हा उठले. वहीची पानं पुढं-मागं होऊ लागली. कुणीतरी म्हणालं, "वैनी, आधी च्या तरी घ्या की."

मागून आक्काचा आवाज आला, "च्या मागनं. आधी वाचून दाव."